शोकेसमधली मोकळी जागा

ज्याचा सत्कार झाला आहे अशा माणसाकडे मी आधी संशयानं बघतो. माझ्या बायकोला ही सवय अजिबात आवडत नाही. ती म्हणते, लोकांना आनंद होतो तर तुमच्या पोटात का दुखतं? दुखत काही नाही. पण ज्यानं सगळी हयात मेमेंटो बनवण्यात घालवली त्याला सत्काराची मागची बाजू माहीत असते, आणि ती एकदा पाहिली की टाळ्यांसाठी हात लवकर उठत नाहीत. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'धंद्यातले अनुभव लिहा' असं सांगितलं तेव्हाही माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की यांना शेवटी माझा सत्कार तर करायचा नाही ना?

जळगावात बाजारपेठेतल्या एका बोळात माझं दुकान होतं. आता ते पुतण्या सांभाळतो. मी सकाळी जाऊन खुर्चीवर बसतो, चहा पितो आणि आलेल्या गिऱ्हाइकावर संशय घेऊन जेवायला घरी येतो. लोक मला नाना म्हणतात, जुने लोक शिल्डनाना म्हणतात. कारण सुरुवातीला या वस्तूला शिल्डच म्हणत. लाकडी ढाल, तिच्यावर पितळेची पट्टी, पट्टीवर नाव. पुढं कधीतरी मेमेंटो हा शब्द आला आणि शिल्ड मागं पडली. आमच्याकडे निम्मे लोक मोमेंटो म्हणतात, काही जण मेमंटू म्हणतात. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं.

ही वस्तू कशी असते ते थोडक्यात सांगतो. खाली बैठक, वर आकार, पुढं पट्टी. बैठक लाकडाची किंवा फायबरची. आकार म्हणजे दिवा, पंख, जोडलेले हात, पृथ्वीचा गोल आणि आमच्या मुलखात केळीचा घड. पट्टीवर मजकूर. आधी मी छिन्नीनं अक्षरं कोरायचो. मग पँटोग्राफ आला. त्यात एका हातानं मोठ्या अक्षरावरून काडी फिरवायची, की पलीकडे सुई तेच अक्षर लहान करून पितळेवर कोरते. आता लेझर आहे. मशीन कोरतं आणि माणूस मोबाईल बघत बसतो. काचेचे मेमेंटो निघाले तेव्हापासून तर काचेच्या पोटातच माणसाचा चेहरा उमटवता येतो.

एकच वस्तू, पण ती कोण मागतो त्यावर तिचा अर्थ ठरतो. मंडळवाल्याला ती शाल आणि नारळानंतर द्यायची तिसरी गोष्ट वाटते. पुढाऱ्याला फोटोत हात मोकळे दिसू नयेत म्हणून ती लागते. रिटायर होणाऱ्या कारकुनाला ती सोमवारपासून येऊ नका असं सांगते. शाळेतल्या पोराला बक्षीस वाटते, आणि त्याच्या आईला रोज पुसायची आणखी एक वस्तू. लग्नाच्या घरात तिला वेगळाच मान असतो, त्याबद्दल पुढं सांगणारच आहे.

संशयाची सुरुवात कुठून झाली ते आठवतं. बोदवडकडचे एक अण्णा दुकानात आले. अंगावर कडक इस्त्रीचे कपडे. म्हणाले, "समस्त ग्रामस्थांच्या वतीनं एक मोठा मेमेंटो करायचाय." मी मजकूर विचारला. त्यांनी तो तोंडपाठ सांगितला. कर्तृत्व, दातृत्व, नेतृत्व सगळं होतं. नाव विचारलं तर त्यांनी स्वतःचंच सांगितलं.

"आणि ग्रामस्थ कुठं आहेत?" मी विचारलं.

"ते शेतात आहेत," अण्णा म्हणाले. "थोडं जास्त लिहा नाना. गावकरी फार भावनिक झालेत."

मी लिहिलं. अण्णांनी मला कार्यक्रमाचं आमंत्रणही दिलं आणि मी गेलो. स्टेजवर सरपंचांनी तो मेमेंटो त्यांच्या हातात दिला, तेव्हा अण्णा ढसाढसा रडले. मी पुढच्या रांगेत बसलो होतो, मला जवळून दिसत होतं. ते रडणं खरं होतं. स्वतः मजकूर सांगून, स्वतः रंग निवडून करून घेतलेली वस्तू हातात आल्यावर माणूस खरं कसं रडू शकतो, हे मला आजपर्यंत उलगडलेलं नाही.

त्यानंतर मी प्रत्येकाला आडून आडून विचारू लागलो. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, पंच कोण होते. बऱ्याच वेळा असं कळायचं की स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे आणि विजेत्याचं नाव कोरायला मला आजच दिलं आहे. काही संस्था तर पट्टी न लावताच मेमेंटो न्यायच्या. स्टेजवर एकाला दिला की तो मागच्या बाजूनं परत घ्यायचा, पुसायचा आणि पुढच्याला द्यायचा. फोटोत सगळ्यांच्या हातात वेगवेगळा दिसतो. खरा नंतर घरपोच, असं सांगायचं. तो कुणाच्या घरी पोचला की नाही, ते मला विचारू नका.

हा शब्द मुळात कुठला आहे हे मला धुळ्याच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं. ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आणि त्यांना लॅटिनचं वेड होतं, कारण झाडांची शास्त्रीय नावं त्या भाषेत असतात. केळीला ते मुसा म्हणत. माझ्या दुकानातला केळीचा घड बघून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार, मुसाताई." मला वाटलं, झालं, आज हे गिऱ्हाईक दिवस खाणार.

ते रिटायर होणार होते आणि कॉलेजनं त्यांनाच सांगितलं होतं, की जळगावला जाऊन आवडेल तो नमुना पसंत करून या. सरांनी सगळे नमुने पाहिले आणि मग म्हणाले, "मला कवटी पाहिजे."

"कसली?"

"माणसाची. लहानशी. बाजूला एक फूल आणि एक फळ."

मी पुतण्याकडे पाहिलं, पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. सरांच्या ते लक्षात आलं असावं. ते स्टुलावर बसले आणि समजावून सांगू लागले. मेमेंटो हे वस्तूचं नाव नाही, तो एक हुकूम आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'आठवण ठेव' असा होतो. चर्चमध्ये पाद्री प्रार्थनेत देवालाच हा शब्द म्हणत, जिवंतांची आठवण ठेव आणि गेलेल्यांचीही ठेव. युरोपातले चित्रकार टेबलावर फळं, फुलं, उंची भांडी काढायचे आणि मधेच एक कवटी ठेवायचे. अरे बाबा, हे सगळं छान आहे, पण तुला मरायचं आहे, एवढं लक्षात ठेव. मग प्रवासाला जाणारे लोक तिथली एखादी वस्तू आठवण म्हणून आणू लागले, तिलाही तोच शब्द चिकटला. आणि तिथून तो फिरत फिरत माझ्या बोळात आला.

"म्हणजे ही वस्तू द्यायची नसते नाना," सर म्हणाले, "बजावायची असते."

मला हे पटलं आणि संशयही आला. बजावायचं कुणी, आणि कुणाला? देणाऱ्यानं घेणाऱ्याला, की घेणाऱ्यानं देणाऱ्याला? सर हसले आणि म्हणाले की यावर त्यांचा अभ्यास चालू आहे.

मी कवटी केली. खेळण्यांच्या दुकानातून एक प्लास्टिकची आणून तिचा साचा काढला. खरं सांगतो, सुंदर झाली होती. पण कॉलेजचे हेडक्लार्क ती न्यायला आले आणि दारातूनच मागं सरकले. "नाना, हे कुणाच्या दारात पुरायचंय?" मी सगळं समजावलं, लॅटिन सांगितलं, चित्रकार सांगितले. त्यांचा चेहरा आणखीनच उतरला. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून फोन आला, की सरांनी कुणावर करणी करायला सांगितली आहे का, ते खरं सांगा. शेवटी निरोप समारंभात सरांना पितळी समई मिळाली. कवटी त्यांनी स्वतः येऊन नेली आणि अजून ती त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली आहे. माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे तीच, आणि तिच्यावर कुणाचंही नाव नाही.

या धंद्यामुळे मला एक खोड लागली. कुणाच्याही घरी गेलो की मी आधी शोकेस बघतो. आमच्या भागात बैठकीच्या खोलीत काचेचं कपाट असतं, त्यात बाहुल्या, कपबशीचा सेट आणि मेमेंटो. लोक पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी तिकडे बघायला लावतात. मी मजकूर वाचत नाही. मी धूळ बघतो. वर्षानुवर्षं मिळालेल्या वस्तूंवर धूळ कमीजास्त असते, एकदम आणलेल्यांवर सारखी असते. पट्टीच्या कडेला डिंक पिवळा पडला आहे की नाही, हे बघितलं की वस्तू जुनी की नवी ते कळतं. याचा व्यवहारात काहीही उपयोग नाही. एकदाच झाला. तो उपयोग म्हणावा की काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा.

माझी धाकटी बहीण शालू पारोळ्याला दिली आहे. तिची मुलगी हर्षदा जळगावात एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करते आणि आमच्याच घरी राहते. माझ्या मुलीसारखीच आहे. तिला शिरपूरचं एक स्थळ आलं. मुलगा योगेश, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. वडिलांचा कापसाचा व्यापार. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडले. आमचे मेहुणे, म्हणजे हर्षदाचे वडील, एकदा एकटेच जाऊन घर बघून आले आणि आल्यापासून त्या घरातल्या शोकेसचंच वर्णन करत होते. युवारत्न, गुणवंत, कार्यगौरव, काय काय त्या पोरानं मिळवलं आहे म्हणे.

शालूचा मला फोन आला. तिला राग आला की ती सासरचं, माहेरचं सगळं विसरून थेट अहिराणीत बोलते.

"नाना, तू आमनासंगे चाल. एकच पोऱ्याले इतला बक्षिसं कसा काय भेटनात? ह्यास्ले तर काही समजत नही. तू नुसतं देख आन माले सांग, खरं शे का खोटं."

"अगं, मी मामा म्हणून येऊ का पोलीस म्हणून?"

"दोन्ही ये. हर्षूना जिंदगीना सवाल शे."

गेलो. शालू, मेहुणे, हर्षदा आणि मी. शिरपुरात घर मोठं होतं, माणसं अगत्याची होती. योगेशचे वडील दारापर्यंत आले. "या, या, बठा," म्हणत त्यांनी मला सोफ्यावर बसवलं आणि बसल्या बसल्या हात शोकेसकडे केला. "हाई बठ्ठं आमना पोऱ्यानं शे." बठ्ठं म्हणजे सगळं. योगेश बाजूला उभा होता. बापानं असं म्हटल्यावर त्यानं मान खाली घातली. मी ते टिपलं. लाजतो आहे की लपवतो आहे?

मी कौतुक करायच्या निमित्तानं उठून कपाटाजवळ गेलो. चार ओळी पाहिल्या आणि मला हसू आवरेना. संस्था वेगवेगळ्या, गावं वेगवेगळी, पण सगळ्या पट्ट्या एकाच दिवशी कोरलेल्या. एकाच चादरीतून कापलेलं पितळ, एकाच जाडीची अक्षरं. म्हणजे बापानं हौसेनं मुलासाठी सगळी बक्षिसं एकदमच करून आणली होती. अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. यात फसवणूक कमी आणि हौस जास्त असते. शालूला सांगायचं, बाप बढाईखोर आहे, बाकी काही नाही, असं मी मनात ठरवलंसुद्धा.

तेवढ्यात मला मधल्या फळीवर ती जागा दिसली.

पाहुणे येणार म्हणून कपाट घाईनं पुसलं होतं. पुढून पुसलं, मागं धूळ तशीच. आणि त्या धुळीत एक स्वच्छ जागा होती. दोन पाकळ्या टोकाला जोडल्यासारखा आकार. तिथं काहीतरी बरेच दिवस उभं होतं आणि ते आज सकाळी किंवा काल उचललं होतं. आजूबाजूच्या वस्तू सरकवून जागा झाकायचा प्रयत्न केला होता, पण पुरती झाकली गेली नव्हती.

मी पुन्हा वाकून बघितलं. कारण ती बैठक माझी होती. त्या दोन पाकळ्यांचा साचा मी स्वतः लाकडात कोरला होता. ती बैठक मी एकाच प्रकारच्या मेमेंटोला लावायचो. वर काच, काचेच्या पोटात मुलगा आणि मुलगी दोघांचे चेहरे, खाली दोन नावं. साखरपुड्यात नवरा-नवरीचे मित्र देतात तो. दुसऱ्या कुठल्याच कामाला मी ती बैठक वापरली नाही आणि दुसऱ्या कुणी केलेली मी पाहिली नाही.

म्हणजे या मुलाचा साखरपुडा आधी कुणाशी तरी झाला होता. आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आधी येऊन गेलेल्या मेहुण्यांच्या नजरेतूनही ती वस्तू एवढ्या गर्दीत सुटली होती.

मी जागेवर येऊन बसलो. चहा आला, पोहे आले. रीतीप्रमाणे हर्षदा आणि योगेशला गच्चीवर बोलायला पाठवलं. मेहुणे मजेत होते, त्यांचं लग्नाच्या हॉलपर्यंत बोलणं पोचलं होतं. मी पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत बसलो. इथं गप्प बसलो तर भाचीचा गळा मीच कापल्यासारखं होईल, आणि बोललो अन् काही निघालं नाही तर भरल्या घरात तमाशा. शेवटी मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या मधल्या फळीवर काहीतरी होतं वाटतं?"

"ते फुटी गयं," योगेशची आई म्हणाली.

"ते भाचा लई गया," त्याच क्षणी वडील म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शालूनं माझ्याकडे पाहिलं. मेहुण्यांनी हातातला चमचा बशीत ठेवला. मला त्या वेळी काय वाटलं ते खरं सांगतो. मला आनंद झाला. आयुष्यभर घेतलेला संशय पहिल्यांदा कामी आला होता.

जिन्यात पावलं वाजली. योगेश आणि हर्षदा खाली येत होते आणि त्यांनी शेवटचं बोलणं ऐकलं होतं. योगेश थेट आतल्या खोलीत गेला. कपाटाचं दार वाजलं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं ते टीपॉयवर ठेवलं आणि टॉवेल काढला.

माझीच बैठक. काचेत तो आणि एक हसरी मुलगी. खाली नावं, योगेश आणि प्रणाली.

"आमचा साखरपुडा झाला होता," तो म्हणाला. "लग्नाला थोडे दिवस राहिले होते. तिला डेंग्यू झाला. आठवडाही निघाला नाही."

वडील घाईघाईनं म्हणाले, की पसंती झाल्यावर आम्ही सांगणारच होतो, आधीच सांगितलं तर लोक पोऱ्याच्या नशिबाला बोल लावतात, दोन स्थळं अशीच हातची गेली. आई पदरानं डोळे पुसत होती. योगेशनं टॉवेलाची घडी घातली. तो त्या काचेकडेच बघत होता. आम्ही चहा तसाच ठेवून उठलो.

गाडी परत निघाली. तापीच्या पुलावर मेहुण्यांनी सुरुवात केली. साखरपुडाच तर होता, लग्न थोडंच झालं होतं, आणि ती बिचारी गेली, यात पोराचा काय दोष? शालू म्हणत होती, की आज हे लपवलं, उद्या आणखी काय निघेल. दोघांची चांगलीच जुंपली. मी मधे पडलो. मला आता योगेशची बाजू घ्यावीशी वाटत होती. म्हटलं, "आई-बाप खोटं बोलत होते, पण पोरगा स्वतः आत गेला आणि घेऊन आला ना? पोरगा वाईट नाही."

हर्षदा खिडकीतून बाहेर बघत होती. ती म्हणाली, "मामा, त्याचा साखरपुडा झाला होता म्हणून मला वाईट वाटत नाहीये. ती मेली म्हणूनही नाही. एवढे दिवस ती तिथं होती ना शोकेसमध्ये? मी येणार म्हणून तिला टॉवेलात गुंडाळून आत ठेवली. त्यानं ठेवू दिली. उद्या मला काही झालं, तर माझ्यानंतर येणारीसाठी मलाही ठेवतील."

 मेहुण्यांनीसुद्धा मग लग्नाचं नाव काढलं नाही. मघाचा माझा आनंद कुठल्या कुठं गेला. मी तिच्यासाठी चोर पकडायला गेलो होतो, आणि तिनं त्या मेलेल्या मुलीची बाजू घेतली होती.

नकार कळवायचं काम माझ्यावर आलं. योगेशच्या वडिलांना फोन लावला, जुळत नाही एवढंच म्हणालो. त्यांनी कारण विचारलं नाही. मग म्हणाले, "नाना, एक सांगू? तुमनी गाडी निंघनी तशी पोऱ्यानी ते काच परत मांडी दिधी. बाकीनं बठ्ठं काढीसन पोतामा भरी दिधं. माले काही बोलूच देत नही. आते शोकेसमा ते एकच शे." त्यांचा आवाज रडका झाला होता. एवढ्या हौसेनं करून आणलेली मुलाची बक्षिसं पोत्यात भरलेली पाहून त्या माणसाला काय झालं असेल, ते मला कळत होतं.

मी फोन ठेवला आणि हर्षदाला सगळं सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "हे खरं कशावरून?"

 हा माझा प्रश्न होता, माझ्याच आवाजातला. पंचांचं नाव काय, ठरवलं कधी, डिंक पिवळा आहे का. लहानपणापासून ती सुट्टीत माझ्या दुकानात येऊन बसायची, तेव्हा मी गिऱ्हाइकं गेल्यावर त्यांची चेष्टा करायचो आणि ती हसायची. धंदा मी तिला शिकवला नाही, पण ही गोष्ट माझ्याकडून तिच्या अंगात गेली होती, आणि मला त्या दिवशी त्याचा जरासुद्धा अभिमान वाटला नाही. लग्नाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पोरीनं असं बोलू नये, असं वाटलं. आणि कुठल्या तोंडानं सांगणार होतो मी तिला?

"मग मी जाऊन बघून येऊ?" मी विचारलं.

"नको. मीच जाते. न कळवता."

रविवारी ती एसटीनं एकटी शिरपूरला गेली. आई-वडिलांना सांगितलं नाही, मलाही कुणाला सांगू नका म्हणाली. दिवसभर मला चैन पडेना. दुकानात गेलो तर पुतण्या म्हणाला, काका, आज कुणावर संशय घेत नाही, बरं नाही का? मी मनात नाही नाही ते बांधत होतो. बापानं खोटं सांगितलं असेल. नाहीतर खरं असेल, पण नाटक म्हणून केलेलं असेल, कुणीतरी बघायला येणार हे त्यांना ठाऊकच असणार. डोकं एकदा या दिशेला लागलं की थांबत नाही.

ती संध्याकाळी आली. हातपाय धुतले, ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसली. मी समोर जाऊन बसलो.

"काय होतं शोकेसमध्ये?"

"मी नाही पाहिलं," ती म्हणाली.

"अगं, त्यासाठीच तर गेली होतीस!"

"हो. पण दारातच तो भेटला. मी त्याला विचारलं, ती कशी होती. आधी बोलेचना. मग सांगायला लागला. आम्ही ओट्यावरच बसलो. ती काय खायची, कशावरून भांडायची, तिला कुत्र्यांची कशी भीती वाटायची, सगळं. मला बस स्टँडवर सोडायला आला तरी सांगतच होता. आत जायचं राहूनच गेलं."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तुम्ही संशय घ्या बरं, मामा. काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा."

मी खूप शोधलं. मला काही सापडलं नाही.